जुन्या कॉम्प्युटरवर विंडोज किंवा लिनक्स नव्याने टाकताना: आधी काय, नंतर काय

जुना कॉम्प्युटर रडतखडत चालायला लागला की घरात कुणीतरी म्हणतंच, "एकदा फॉरमॅट मार ना." सल्ला बरोबर असतो, पण काम बहुतेक वेळा उलट्या टोकाने सुरू होतं. आधी पेनड्राइव्ह बूटेबल (मशीन त्यावरून सुरू होईल असा) होतो, मग मशीन रीस्टार्ट होतं आणि पार्टिशन (डिस्कचे भाग) पुसायच्या स्क्रीनवर पोचल्यावर प्रश्न पडतो की यातलं आपलं कोणतं. विंडोज टाकायला तास-दोन तास पुरतात. खरं काम त्याच्या आधीचं आहे, आणि तिथे क्रम चुकला की गेलेलं परत मिळेलच असं नाही.

हा लेख साधारण २००९ ते २०१७ या काळात घेतलेल्या डेस्कटॉप-लॅपटॉपसाठी आहे. म्हणजे कोअर टू ड्युओपासून सातव्या पिढीच्या कोअर आय थ्री, आय फाइव्हपर्यंत. पहिले पाच टप्पे शनिवारी करा, उरलेले रविवारी. सगळं एकाच संध्याकाळी उरकायला गेलं की नेमका बॅकअप तपासायचा राहून जातो.

## टप्पा १: काय टाकायचं ते आधी ठरवा

विंडोज ७ परत टाकू नका. तिचे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले. "आमचं मशीन सेव्हनवरच छान चालायचं" हे खरं असेल, पण त्या मशीनवर बँकेचं खातं उघडणं धोक्याचं आहे.

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. मशीनवर २२एच२ ही आवृत्ती असेल आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने वाढीव सुरक्षा अपडेटसाठी नोंदणी केली, तर घरगुती वापरासाठी १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट मिळतात. म्हणजे विंडोज १० टाकत असाल तर ही नोंदणी कामाचाच भाग समजा.

विंडोज ११ ला अधिकृतपणे टीपीएम २.० (सुरक्षेची चिप), सिक्युअर बूट (सुरू होतानाची सुरक्षा तपासणी) आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासूनचा प्रोसेसर लागतो. या अटी चुकवून ती जुन्या मशीनवर टाकायच्या युक्त्या आहेत, पण घरातल्या एकुलत्या एक कॉम्प्युटरवर त्या करू नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. पुढचं एखादं मोठं अपडेट अडलं की घरातले सगळे अडतात. कोअर टू ड्युओवर तर २४एच२ पासूनची विंडोज ११ सुरूच होत नाही, कारण तिला लागणारे काही अंगभूत आदेश त्या प्रोसेसरमध्ये नाहीतच.

तिसरा पर्याय लिनक्स मिंट, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत सिस्टिम. त्याच्या २२ या मालिकेला एप्रिल २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत. ४ जीबी किंवा त्याहून कमी रॅम असेल तर त्यातली एक्सएफसीई आवृत्ती घ्या, ती हलकी आहे. ब्राउझर, यूट्यूब, ऑनलाइन फॉर्म, पत्रं टाइप करणं आणि फोटो बघणं एवढंच काम असेल, तर मी कुठलीही शंका न ठेवता मिंट सुचवतो.

विंडोजवरच राहावं लागेल अशी काही कामं आहेत: टॅली, डिजिटल सहीच्या टोकनवर चालणारं काम, श्रीलिपीसारखं मराठी डीटीपीचं सॉफ्टवेअर. नागपूरच्या इतवारी-गांधीबागेतल्या ज्या दुकानाचा हिशेब घरच्या कॉम्प्युटरवर होतो, तिथे मिंटचा विषय काढू नका. प्रिंटरचंही आधी बघा. आपल्याकडे घरोघरी दिसणारा कॅनन एलबीपी २९०० लिनक्सवर चालवायला बरीच खटपट पडते.

तपासा: घरातल्या प्रत्येकाला विचारा, "तू या कॉम्प्युटरवर काय काय करतोस?" बाबांचा शेअर बाजाराचा प्रोग्राम किंवा ताईचं टॅली नंतर आठवून उपयोग नाही.

## टप्पा २: डिस्कची तब्येत आणि मशीनची माहिती

मशीन अजून सुरू होत असेल तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे मोफत सॉफ्टवेअर चालवा. वर "गुड" दिसलं तर पुढे चला. "कॉशन" किंवा "बॅड" दिसलं तर ही डिस्क पुन्हा वापरायची नाही हे तिथेच ठरलं, आणि बाकी सगळं सोडून टप्पा ३ लगेच सुरू करा.

इशारा: डिस्कमधून टक-टक आवाज येत असेल तर मशीन बंद करा. चेक डिस्क चालवू नका, "एकदा फॉरमॅट करून बघू" असंही करू नका. त्यावरचा डेटा मोलाचा असेल तर ती न चालवता डेटा रिकव्हरी करणाऱ्याकडे न्या. अशी डिस्क जितकी फिरेल तितकं नुकसान वाढतं.

आता स्टार्ट मेनूत "सिस्टिम इन्फर्मेशन" शोधून उघडा आणि वहीत पाच गोष्टी लिहा: प्रोसेसर, रॅम, मदरबोर्डचं मॉडेल (ब्रँडेड मशीन असेल तर त्याचं मॉडेल आणि सिरियल नंबर), बायोस मोड (मशीन सुरू व्हायची पद्धत: जुनी लेगसी की नवी यूईएफआय), आणि विंडोजची नेमकी एडिशन (होम, प्रो वगैरे). यातल्या शेवटच्या दोन गोष्टी लोक लिहीत नाहीत आणि नंतर त्यांच्यावरच अडतात. वहीतच लिहा, त्याच मशीनवरच्या नोटपॅडमध्ये लिहिलेलं मशीनबरोबरच जाईल.

## टप्पा ३: डेटा बाहेर काढा

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे वेळ घालवा.

पहिली आणि सगळ्यात महाग चूक: "मी सगळं डी ड्राइव्हमध्ये टाकलंय, म्हणजे बॅकअप झाला." घरगुती मशीनमध्ये सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. डिस्क गेली की दोन्ही जातात, आणि इन्स्टॉलरमध्ये चुकीच्या ओळीवर "डिलीट" दाबलं तरी डी जातो. बॅकअप म्हणजे या कॅबिनेटच्या बाहेरची प्रत. एक्स्टर्नल हार्ड डिस्क किंवा दुसरा कॉम्प्युटर वापरा. पेनड्राइव्हवर फक्त निकडीच्या फाइलींची जादा प्रत ठेवा, एकुलती एक नको.

काय काय उचलायचं?

डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, डाउनलोड्स हे सगळ्यांना आठवतं. घरात दोन-तीन युजर असतील तर प्रत्येकाचे हे फोल्डर वेगळे असतात, आणि आईच्या युजरमधले फोटो तिथेच राहून जातात. त्यामुळे सी ड्राइव्हमधला "युजर्स" फोल्डर उघडा आणि आत जितकी नावं दिसतील तितकी बघा. वनड्राइव्ह चालू असेल तर ज्या फाइलींपुढे ढगाचं चिन्ह आहे त्या प्रत्यक्षात मशीनवर नाहीत. कॉपी करण्याआधी फोल्डरवर राइट क्लिक करून "ऑलवेज कीप ऑन धिस डिव्हाइस" निवडा आणि सगळं उतरेपर्यंत थांबा.

ब्राउझरमधले बुकमार्क आणि पासवर्ड: अकाउंटने सिंक चालू असेल तर फोनवर उघडून ते खरंच दिसतात का बघा. सिंक नसेल तर ते एक्स्पोर्ट करून घ्या. पासवर्डची ती फाइल कुणालाही वाचता येते, त्यामुळे काम झालं की पुसून टाका. आउटलुक वापरत असाल तर मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा. ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या "आउटलुक फाइल्स"मध्ये असते.

टॅली असेल तर आतून बॅकअप घ्या आणि शिवाय अख्खा डेटा फोल्डर वेगळा कॉपी करा. तो कुठे आहे हे कंपनी निवडायच्या स्क्रीनवर मार्गासकट दिसतं. टॅलीचं रिलीज कोणतं तेही वहीत लिहा.

आता मराठी फॉन्ट. यावर कुणी बोलत नाही आणि सगळ्यात जास्त हळहळ याचीच होते. युनिकोड रुळण्याआधी घरोघरी कृतीदेव, श्रीलिपी, शिवाजी, डीव्हीबी-टीटी सुरेख अशा फॉन्टमध्ये टायपिंग व्हायचं. सोसायटीचे जुने ठराव, शिकवणीच्या प्रश्नपत्रिका, आजोबांनी टाइप करून घेतलेली वंशावळ अशा फाइली नव्या विंडोजवर उघडल्या की मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फॉन्ट नसतो. म्हणून दोन कामं करा. विंडोजमधल्या "फॉन्ट्स" फोल्डरमधून मराठी फॉन्टच्या फाइली बॅकअपमध्ये घ्या. आणि महत्त्वाचे दस्तऐवज आत्ताच, जुन्या मशीनवर नीट दिसत असतानाच, पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमध्ये साधारणपणे फॉन्ट आतच बसतो, त्यामुळे तो कुठेही उघडला तरी मराठी मराठीच दिसतं.

विंडोज सुरूच होत नसेल तर? घाबरू नका. टप्पा ५ प्रमाणे दुसऱ्या कॉम्प्युटरवर मिंटचा पेनड्राइव्ह बनवा, त्यावरून मशीन सुरू करा आणि काहीही इन्स्टॉल न करता आतल्या फाइल मॅनेजरमधून जुनी डिस्क उघडा. बहुतेक वेळा फाइली जशाच्या तशा दिसतात आणि एक्स्टर्नल डिस्कवर कॉपी करता येतात. डिस्क "फक्त वाचता येईल" अशी उघडली तरी कॉपीला ते पुरेसं आहे.

इशारा: बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन (डिस्कवरचा डेटा कुलूपबंद करणारी विंडोजची सोय) चालू असेल तर डिस्क बाहेरून उघडायला, आणि कधी बायोसमधलं काही बदलल्यावरसुद्धा, ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये सापडू शकते. आत्ताच शोधून वहीत उतरवा.

तपासा: मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींवर राइट क्लिक करून "प्रॉपर्टीज" बघा. फाइलींची संख्या आणि एकूण आकार जुळायला हवा. मग एक्स्टर्नल डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावा आणि प्रत्येक फोल्डरमधली एखादी जुनी, एखादी नवी आणि एखादी मोठी फाइल उघडून बघा. शेजाऱ्यांकडे लॅपटॉप मागावा लागला तरी मागा. उघडून न बघितलेल्या प्रतीवर विसंबून मूळ डिस्क पुसायची नाही.

## टप्पा ४: लायसन्स आणि चाव्या

विंडोज १० मशीनवर आधी ॲक्टिव्हेट झालेली असेल तर तिचं डिजिटल लायसन्स मदरबोर्डशी जोडलेलं असतं. त्याच मशीनवर तीच एडिशन टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते. आपल्याकडच्या कितीतरी लॅपटॉपवर "होम सिंगल लँग्वेज" येते. लोक त्यावर "प्रो" टाकतात आणि मग ॲक्टिव्हेशन अडलं म्हणून चाव्या शोधत फिरतात. टप्पा २ मध्ये एडिशन लिहायला लावली ती यासाठी.

टॅलीचं लायसन्स मशीन पुसण्याआधी टॅलीमधूनच सरेंडर करा, म्हणजे या मशीनवरून सोडवून घ्या. नव्या विंडोजवर ते पुन्हा ॲक्टिव्हेट करता येतं. सरेंडर न करता डिस्क पुसली तर लायसन्स जुन्याच मशीनवर अडकून बसतं. डिजिटल सहीचा टोकन फॉरमॅटने जात नाही, पण त्याचा ड्रायव्हर परत टाकावा लागतो आणि पिन लागतो. पिन आठवून-आठवून टाकत बसू नका, ठरावीक चुकांनंतर टोकन लॉक होतो. ऑफिसची की, अँटिव्हायरसची की, वायफायचा पासवर्ड, सगळं वहीत.

इशारा: "ॲक्टिव्हेटर" नावाची चोरटी सॉफ्टवेअर वापरू नका. ती बहुधा आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात, आणि त्याच मशीनवर मग तुम्ही नेटबँकिंग उघडता.

## टप्पा ५: पेनड्राइव्ह

किमान ८ जीबीचा पेनड्राइव्ह घ्या. त्यावरचं सगळं जाणार आहे, तेव्हा आधी रिकामा करा.

विंडोज १० साठी मायक्रोसॉफ्टच्या स्वतःच्या संकेतस्थळावरून मीडिया क्रिएशन टूल उतरवा. मिंटसाठी त्यांच्या संकेतस्थळावरून आयएसओ फाइल (अख्ख्या इन्स्टॉलरची एकच फाइल) घ्या आणि रूफस या मोफत सॉफ्टवेअरने पेनड्राइव्हवर लिहा. मित्राने दिलेली "सगळं सॉफ्टवेअर आत असलेली" विंडोज वापरू नका. आत आणखी काय आहे ते देणाऱ्यालाही माहीत नसतं.

आयएसओ फाइल पेनड्राइव्हवर नुसती कॉपी-पेस्ट करून तो बूट होत नाही. ही चूक आजही रोज होते. रूफस उघडल्यावर पार्टिशन स्कीम (डिस्कचे भाग नोंदवायची पद्धत) विचारेल: वहीत लेगसी लिहिलं असेल तर एमबीआर, यूईएफआय लिहिलं असेल तर जीपीटी. मिंटच्या संकेतस्थळावर आयएसओची एसएचए-२५६ बेरीज (फाइल पडताळायची अंक-अक्षरांची लांब ओळ) दिलेली असते. रूफसमध्ये "सिलेक्ट"शेजारच्या टिकच्या बटणाने ती काढता येते. दोन्ही अक्षरन् अक्षर जुळल्या तर डाउनलोड पूर्ण आणि बिनचूक आहे. फोनच्या हॉटस्पॉटवरून उतरवलं असेल तर हे टाळू नका.

याच पेनड्राइव्हवर नको, पण बॅकअपच्या डिस्कवर मशीनचा लॅन आणि वायफाय ड्रायव्हरही उतरवून ठेवा. घरात हा एकच कॉम्प्युटर असेल तर मशीन उघडण्याआधी हा टप्पा पूर्ण झालेला हवा.

## टप्पा ६: कॅबिनेट उघडा

आता डेटा बाहेर सुखरूप आहे, म्हणून आता मशीन उघडायचं. आधी नाही.

नागपूरच्या उन्हाळ्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो, आणि आपल्या घरात कॉम्प्युटर बहुतेक कूलरच्याच खोलीत असतो. कूलरची दमट हवा आणि मे महिन्यातल्या वादळांची धूळ मिळून प्रोसेसरच्या पंख्याखालच्या जाळीवर नमद्यासारखा थर बसतो. असं मशीन इन्स्टॉलेशनच्या मध्येच तापून बंद पडतं, आणि लोक दोष पेनड्राइव्हला देतात.

मेनचा प्लग काढा, पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा, कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावा आणि मग आत हात घाला. ब्लोअर मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा, तो हवेने गरागरा फिरू देऊ नका. रॅम काढून परत घट्ट बसवा. प्रोसेसरवरची पेस्ट वाळून खडू झाली असेल तर नवी लावा. कॅबिनेट परत ठेवताना कूलरच्या थेट झोतात ठेवू नका.

मदरबोर्डवरचा गोल सेल बघा, सीआर २०३२, तीन व्होल्टचा. मशीन सुरू करताना दर वेळी तारीख मागे जात असेल तर तो संपला आहे. तारीख चुकली की सुरक्षित संकेतस्थळं उघडत नाहीत, अपडेट अडतात, ॲक्टिव्हेशन होत नाही. लोक मात्र आठवडाभर नेटवर्कमध्ये बिघाड शोधत बसतात. सेल आत्ताच बदला.

हार्ड डिस्क फिरणारी असेल तर तिच्या जागी एसएसडी (न फिरणारी, चिपवरची वेगवान डिस्क) लावायची हीच वेळ. जुन्या मशीनचा वेग यानेच सगळ्यात जास्त वाढतो. आणि माझ्या लेखी त्याहून मोठा फायदा म्हणजे जुनी डिस्क पुसावीच लागत नाही, ती काढून बाजूला ठेवता येते. सीताबर्डी-धंतोलीकडच्या दुकानांत मागताना "२.५ इंची साटा एसएसडी" असंच म्हणा. एम.२ एनव्हीएमई घेऊ नका. बहुतेक जुन्या बोर्डांवर तिला जागा नसते, आणि जोडणी करून लावली तरी असे बोर्ड बहुतेक वेळा त्यावरून सुरू होत नाहीत. रॅम घेताना डीडीआर २, डीडीआर ३ की डीडीआर ४ हे जुनी पट्टी सोबत नेऊन जुळवा. लॅपटॉपची पट्टी वेगळी असते.

सगळ्यात महत्त्वाचा इशारा: मशीनमध्ये दोन डिस्क असतील तर ज्यावर सिस्टिम टाकायची तेवढी एकच जोडलेली ठेवा. दुसरीची साटा केबल काढून ठेवा. यामुळे चुकीची डिस्क पुसली जाऊच शकत नाही. शिवाय दोन्ही जोडलेल्या असल्या तर विंडोजची सुरू होण्याची फाइल कधी कधी दुसऱ्याच डिस्कवर जाऊन बसते, आणि पुढे ती डिस्क काढली की मशीन सुरू होत नाही. एक्स्टर्नल बॅकअप डिस्कही या क्षणी कॉम्प्युटरला लावलेली नको.

## टप्पा ७: पेनड्राइव्हवरून सुरू करा

आधी विजेचं बघा. यूपीएस असेल तर मॉनिटर आणि मशीन चालू ठेवून मेन बंद करा आणि काही मिनिटं तग धरतो का पाहा. बॅटरी बसलेला यूपीएस नसल्यासारखाच. महावितरणचा देखभालीचा मेसेज आला असेल किंवा आभाळ गडगडत असेल तर काम पुढे ढकला. लॅपटॉप चार्जरला लावलेला ठेवा.

मशीन सुरू होताच बूट मेनूचं बटण टकटक दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, गिगाबाइट बोर्डवर एफ १२, एमएसआयवर एफ ११, असूसच्या डेस्कटॉप बोर्डवर एफ ८. एसरच्या बऱ्याच लॅपटॉपवर एफ १२ आधी बायोसमध्ये जाऊन चालू करावं लागतं.

यादीत एकच पेनड्राइव्ह कधी कधी दोनदा दिसतो: एकदा नुसत्या नावाने आणि एकदा नावापुढे "यूईएफआय" लिहून. वहीत जो मोड लिहिला आहे तीच ओळ निवडा. इथे चुकलं की पुढे "निवडलेल्या डिस्कवर एमबीआर पार्टिशन टेबल आहे" असा निरोप येऊन विंडोज अडते. अशा वेळी काही पुसू नका. मशीन बंद करा, परत बूट मेनूत या आणि दुसरी ओळ निवडा. एसएसडी नवी कोरी असेल तर हा प्रश्न येणार नाही.

## टप्पा ८: इन्स्टॉलेशन

विंडोज १०. पेनड्राइव्हवरून सुरू होताना "कोणतंही बटण दाबा" असं आलं तर दाबा. की विचारली तर "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" निवडा, मग वहीतली एडिशन निवडा. पुढे "अपग्रेड" नको, "कस्टम".

आता डिस्कची यादी. इथे घाई नको. आकार नेहमी छापील आकड्यापेक्षा कमी दिसतो: १ टीबीची डिस्क सुमारे ९३१ जीबी, ५०० ची सुमारे ४६५, २४० ची एसएसडी सुमारे २२३. तुम्ही लावलेली डिस्क हीच का, हे या आकड्यावरून ओळखा. पेनड्राइव्हही यादीत दिसू शकतो. नवी एसएसडी असेल तर "अनअलोकेटेड स्पेस" निवडून थेट "नेक्स्ट" दाबा. लागणारी पार्टिशन विंडोज स्वतः बनवते. जुनीच डिस्क वापरत असाल आणि बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडून पाहिला असेल, तरच त्या डिस्कची सगळी पार्टिशन एकेक करून डिलीट करा आणि उरलेल्या मोकळ्या जागेवर टाका. सीच्या जागी नुसतं फॉरमॅट करून बाकीची छोटी पार्टिशन तशीच ठेवली तर जुन्या सिस्टिमचा कचरा मागे राहतो.

पहिल्या रीस्टार्टला "कोणतंही बटण दाबा" परत येईल. या वेळी दाबू नका. दाबलंत तर इन्स्टॉलेशन पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. "माझं तर सारखं तेच तेच होतंय" अशी तक्रार असेल तर कारण बहुतेक हेच असतं.

युजरचं नाव इंग्रजीत, छोटं आणि मध्ये जागा न सोडता द्या. त्याच नावाने फोल्डर बनतो, आणि देवनागरी नावाच्या फोल्डरमध्ये काही जुनी सॉफ्टवेअर अडखळतात.

मिंट. पेनड्राइव्हवरून मिंट आधी नुसतं चालून दाखवतं. याचा फायदा घ्या: वायफाय जोडा, गाणं लावून आवाज ऐका, प्रिंटरला एक पान पाठवा. सगळं चाललं तरच डेस्कटॉपवरच्या "इन्स्टॉल"वर क्लिक करा. मल्टिमीडिया कोडेक्सची टिक लावा, टाइमझोन कोलकाता निवडा. "इरेज डिस्क" म्हणजे अख्खी डिस्क, त्यातला डी ड्राइव्हसुद्धा.

विंडोज आणि मिंट दोन्ही ठेवायचे असतील तर विंडोज आधी, मिंट नंतर. मग एका सिस्टिममधून दुसरीत गेल्यावर घड्याळ साडेपाच तास पुढे-मागे दिसलं तर घाबरू नका. मिंट मशीनच्या घड्याळात जागतिक वेळ ठेवतं आणि विंडोज भारतीय. मिंटला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

## टप्पा ९: आधी ड्रायव्हर, मग अपडेट, मग बाकीचं

पेनड्राइव्ह काढा. इंटरनेट लागत नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने लावून यूएसबी टेदरिंग चालू करा. बहुतेक मशीन तो लगेच ओळखतात. विंडोजमध्ये अपडेट चालवा आणि "काहीही शिल्लक नाही" असं येईपर्यंत पुन्हा पुन्हा तपासा. मग डिव्हाइस मॅनेजर उघडा. पिवळं चिन्ह उरलं असेल तर त्याचा ड्रायव्हर मशीन बनवणाऱ्या कंपनीच्या पानावरून मॉडेल टाकून घ्या. आधी चिपसेट, मग नेटवर्क, ग्राफिक्स, शेवटी आवाज. "सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये" देणाऱ्या अनोळखी सॉफ्टवेअरपासून लांब राहा.

मिंटमध्ये अपडेट मॅनेजर, मग ड्रायव्हर मॅनेजर. एवढंच.

तपासा: सेटिंग्जमध्ये विंडोज "ॲक्टिव्हेटेड" दिसते का? तारीख-वेळ बरोबर आहे का? मशीन पूर्ण बंद करून पेनड्राइव्हशिवाय सुरू होतं का? तिन्हीला हो असेल तरच वाढीव अपडेटची नोंदणी करा आणि पुढे जा.

## टप्पा १०: डेटा परत आणा, पण निवडून

आधी अँटिव्हायरस चालू आहे ना ते बघा. विंडोजमध्ये आलेला डिफेंडर घरगुती वापराला पुरतो. मग एक्स्टर्नल डिस्क लावा आणि तिची तपासणी करूनच फाइली आणा. जुन्या मशीनवरचे प्रोग्राम फोल्डर उचलून आणू नका, ते तसे चालत नाहीत. सॉफ्टवेअर नव्याने टाका आणि फक्त डेटा परत आणा.

मराठी फॉन्ट राइट क्लिक करून इन्स्टॉल करा आणि एक जुनी फाइल उघडून बघा. पुढच्या टायपिंगसाठी मात्र युनिकोडच वापरा. विंडोज १० मध्ये भाषेच्या सेटिंगमध्ये मराठी जोडली की इनस्क्रिप्टबरोबर फोनेटिक कीबोर्डही मिळतो, म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या उच्चारावरून मराठी लिहिता येतं. टॅली टाका, लायसन्स परत ॲक्टिव्हेट करा, डेटा फोल्डर त्याच्या जागी ठेवा आणि शेवटच्या व्हाउचरची तारीख जुळते का बघा.

सगळं नीट लागलं की मिंटमध्ये टाइमशिफ्टने एक स्नॅपशॉट घ्या. विंडोजमध्ये सिस्टिम रिस्टोअर मुद्दाम चालू करून एक रिस्टोअर पॉइंट बनवा. त्यानंतर मगच हौसेची सॉफ्टवेअर टाका.

जुनी डिस्क काढून ठेवली असेल तर तिच्यावर तारीख आणि "जुनी सी-डी, पुसू नये" अशी चिठ्ठी चिकटवा आणि निदान दोन महिने हात लावू नका. आयकर विवरणपत्र, परीक्षेचा फॉर्म, सोसायटीचा ताळेबंद अशी कामं रोज येत नाहीत, आणि त्यांची फाइल राहिली असेल तर ते काम आल्यावरच कळतं. त्यानंतर डिस्क विकायची किंवा भंगारात द्यायची असेल तर नुसतं डिलीट करून देऊ नका. विंडोजमध्ये तिच्यावर पूर्ण फॉरमॅट चालवा, "क्विक"ची टिक काढून. वेळ लागेल, रात्रभर लावून ठेवा. डिस्क बिघडलेली असल्याने पूर्ण फॉरमॅट होत नसेल, तर ती कुणालाही देण्याआधी आतल्या चकत्या फोडून टाका.